सभाकंपावर मात करणारे गांधीजी

आठ मे १९१५ रोजी बंगळूर, म्हणजे आजच्या बेंगळुरू शहरात, एका चित्राचे अनावरण झाले. चित्र होते नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे. त्यांचे पुण्यात निधन होऊन तेव्हा तीन महिनेही उलटले नव्हते. म्हैसूर संस्थानातील सोशल सर्व्हिस लीगची मंडळी आणि पुढे कन्नड साहित्यात मोठे नाव मिळविणारे डी. व्ही. गुंडप्पा यांच्यासारखे तरुण या कार्यक्रमामागे होते. अनावरणासाठी बोलावलेले पाहुणे चारच महिन्यांपूर्वी दक्षिण आफ्रिकेतून मायदेशी परतले होते. त्यांचे नाव बॅरिस्टर मोहनदास करमचंद गांधी.

शहराच्या वतीने पाहुण्यांना मानपत्र देण्यात आले. त्याला उत्तर देताना गांधीजींनी यजमानांना चार शब्द सुनावले. लोकांनी गाडी ओढून आपला सन्मान करावा हे त्यांना पसंत नव्हते. अशा मिरवणुकांमुळे सार्वजनिक कार्यकर्ते बिघडतात, त्यांना शांतपणे काम करू द्यावे. लोक दगड मारतील, उपेक्षा करतील हे गृहीत धरूनही ज्याला देशावर प्रेम करता येते तोच खरा सेवक, अशा आशयाचे हे भाषण होते. चित्राचे अनावरण करतानाही त्यांनी गोखल्यांच्या स्तुतीत फार वेळ घालविला नाही. राजकीय जीवनाला आध्यात्मिक अधिष्ठान द्यावे, ही गोखल्यांची शिकवण त्यांनी सांगितली. ज्याची वस्त्रे धुळीने माखलेली आणि फाटकी आहेत त्याच्याजवळ देव असतो, अशा अर्थाचे एक पद्य सभेत म्हटले गेले होते. त्याचा धागा पकडून आपले वस्त्र अद्याप धुळीने माखलेले नाही आणि फाटलेलेही नाही, असे ते स्वतःविषयीच म्हणाले.

परक्या शहरात, अनोळखी श्रोत्यांसमोर, यजमानांची नाराजी पत्करून इतके निःसंकोच बोलणारा हा माणूस चोवीस वर्षांपूर्वी लंडनमध्ये कागदावर लिहून आणलेले भाषणही वाचू शकला नव्हता, यावर त्या दिवशी बंगळूरमध्ये कोणाचा विश्वास बसला असता काय, याची शंकाच आहे.

गांधीजींच्या आयुष्यावर विपुल लेखन झाले आहे. सत्याग्रह, उपोषणे, तुरुंगवास यांची माहिती शाळकरी मुलांनाही असते. मात्र ज्या साधनाने त्यांनी कोट्यवधी लोकांशी संवाद साधला, त्या वाणीचा प्रवास किती अवघड होता, याकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. मराठीत ज्याला सभाकंप म्हणतात, त्याने या माणसाला निदान तेरा वर्षे छळले.

भित्रा मुलगा

मोहनदास यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे झाला. वडील करमचंद हे पोरबंदरचे आणि नंतर राजकोटचे दिवाण. घरात माणसांचा राबता होता, तरी हा मुलगा मात्र अबोल होता. शाळा सुटताच तो धावत घर गाठत असे, कारण वाटेत कोणी बोलेल आणि थट्टा करील ही भीती. चोर, भुते आणि साप यांच्या धास्तीने त्याला अंधारात झोप येत नसे. रंभा नावाच्या घरच्या दाईने भुतांवर उपाय म्हणून त्याला रामनामाचा जप शिकविला. जपाने भुते पळाली असतील, पण माणसांची भीती काही गेली नाही.

विलायतेला जाण्यापूर्वी १८८८ मध्ये राजकोटच्या शाळेने त्याला निरोप दिला. आभाराचे मोजके शब्द त्याने लिहून नेले होते. ते उच्चारताना डोके गरगरले आणि अंगाला कंप सुटला, अशी नोंद त्यांनी पुढे आत्मकथेत केली आहे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून बोट सुटली. बोटीवर इंग्रजीत बोलावे लागेल या धास्तीने हा तरुण जेवणाच्या दालनात फिरकलाच नाही. घरून आणलेली मिठाई आणि फळे खाऊन त्याने दिवस काढले. त्याच खोलीतील जुनागढचे वकील त्र्यंबकराय मजुमदार सर्वांशी गप्पा मारत आणि वकिलाची जीभ सैल असली पाहिजे, असा सल्ला देत. सल्ला योग्यच होता. पण भिणाऱ्याला धीट हो असे सांगून तो धीट झाल्याचे उदाहरण विरळाच.

गिनी देऊन विकत घेतलेली वक्तृत्वकला

लंडनमध्ये सभ्य गृहस्थ होण्याच्या हौसेपायी मोहनदासने काही महिने बराच पैसा खर्च केला. उंची पोशाख शिवला, नृत्याच्या वर्गासाठी तीन पौंड भरले, तेवढ्यालाच व्हायोलिन घेतले. याच यादीत वक्तृत्वाची शिकवणीही होती. शिक्षकाला सुरुवातीची एक गिनी फी दिली आणि बेल यांचे वक्तृत्वावरील प्रसिद्ध पाठ्यपुस्तक विकत आणले. पहिला धडा ब्रिटिश पंतप्रधान पिट यांच्या भाषणाचा होता. आपल्याला इंग्लंडमध्ये आयुष्य काढायचे नाही, मग हे उसने वक्तृत्व कशासाठी, हा प्रश्न लवकरच पडला आणि शिकवणी थांबली. आवाजाचे चढउतार आणि हातवारे शिकविणारे वर्ग आजही गावोगावी चालतात. त्यांचा काही उपयोग होत नाही असे म्हणण्याचे कारण नाही, पण या विद्यार्थ्याच्या दुखण्याचे मूळ तेथे नव्हते.

ते मूळ कोठे होते, याचा थोडा अंदाज लंडनच्या शाकाहारी मंडळातील प्रसंगांवरून येतो. सप्टेंबर १८९० मध्ये मोहनदास या मंडळाच्या कार्यकारिणीवर निवडून आला. बैठकांना तो न चुकता जाई, पण बोलत नसे. मंडळाच्या मुखपत्राचे संपादक डॉ. जोशाया ओल्डफील्ड हे त्याचे मित्र. एकांतात मोकळेपणी बोलणारा हा तरुण बैठकीत मुका का होतो, हे त्यांना कळेना. पोळ्यातील आयतोबा नर माशीची उपमा देऊन त्यांनी त्याची थट्टाही केली. बोलावेसे वाटत नव्हते असे मुळीच नाही. इतर सदस्य आपल्याहून अधिक जाणकार आहेत असे वाटे, आणि धीर गोळा होईपर्यंत चर्चा पुढच्या विषयावर गेलेली असे. सभांना जाणाऱ्या कित्येकांना हा अनुभव ओळखीचा वाटेल.

एकदा मात्र गप्प राहणे त्याला अशक्य झाले. मंडळाचे अध्यक्ष ए. एफ. हिल्स हे टेम्सकाठच्या मोठ्या लोखंड कारखान्याचे मालक. मंडळाचा बराचसा खर्च तेच उचलत. संततिनियमनाचा पुरस्कार करणारे डॉ. ॲलिन्सन यांना कार्यकारिणीतून काढावे, असा प्रस्ताव त्यांनी आणला. मोहनदासला संततिनियमनाची कृत्रिम साधने मान्य नव्हती आणि हिल्स यांच्याविषयी आदरही होता. तरीही शाकाहाराच्या प्रसारासाठी स्थापन झालेल्या मंडळाने सदस्याला त्याच्या वेगळ्या नैतिक मतांसाठी काढणे त्याला अन्यायाचे वाटले. त्याने आपले म्हणणे लिहून नेले. ऐन वेळी वाचण्याचे धैर्य झाले नाही, तेव्हा अध्यक्षांनी ते दुसऱ्याकडून वाचवून घेतले. ॲलिन्सन यांची बाजू हरली. आवाज फुटला नसला, तरी ज्याच्या पैशावर संस्था चालते त्याच्या विरोधात उभे राहण्याची तयारी मात्र या तरुणात तेव्हाही होती.

त्यानंतरची फजिती अधिक जिव्हारी लागली. व्हेंटनर या समुद्रकाठच्या गावी शाकाहाराच्या प्रचारार्थ सभा होती. भाषण वाचून दाखविणे शिष्टसंमत आहे याची चौकशी करून मोहनदासने फूलस्केपचे जेमतेम एक पान लिहिले. वाचायला उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली, हात थरथरू लागले. अखेर मजुमदारांनी ते पान वाचले.

लंडन सोडण्यापूर्वी जून १८९१ मध्ये त्याने हॉलबर्न येथील उपाहारगृहात शाकाहारी मित्रांना निरोपाची मेजवानी दिली. लेखक ॲडिसन याची पार्लमेंटातील पहिल्या भाषणात झालेली फजिती सांगून हशा पिकवायचा बेत होता. गोष्टीचे पहिले वाक्य सांगून झाले आणि पुढचे काही आठवेना. ॲडिसनची फजिती सांगता सांगता स्वतःचीच झाली. कसेबसे आभार मानून मोहनदास खाली बसला.

येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. आत्मकथेतील हे वर्णन सुमारे पस्तीस वर्षांनी लिहिलेले आहे. शाकाहारी मंडळाच्या मुखपत्रात त्याच महिन्यात या मेजवानीचा वृत्तांत छापून आला होता. त्यात मोहनदासचे भाषण थोडे घाबरत केलेले, पण छान झाले असे म्हटले आहे, आणि त्यातील मुद्देही दिले आहेत. दोन्ही नोंदी प्रामाणिक असाव्यात. समोर बसलेल्यांना जे किरकोळ अडखळणे वाटते, ते बोलणाऱ्याच्या स्मरणात सर्वनाश म्हणून राहते.

मुंबईच्या न्यायालयातील दिवस

बॅरिस्टर होऊन परतल्यावर मोहनदासने मुंबईत वकिली सुरू केली. लघुवाद न्यायालयात ममीबाई नावाच्या महिलेचे साधे प्रकरण मिळाले, फी तीस रुपये. दलालाला दलाली देण्यास त्याने नकार दिला होता, तरी प्रकरण आले. प्रतिवादीचा वकील म्हणून त्याला वादीच्या साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायची होती. तो उभा राहिला. न्यायालय गरगर फिरते आहे असे वाटले. विचारण्यासारखा एकही प्रश्न सुचला नाही. खाली बसून त्याने अशिलाच्या माणसाला फी परत देऊ केली आणि दुसरे वकील घेण्यास सांगितले. त्यांची फी एक्कावन्न रुपये होती आणि त्यांच्या दृष्टीने हे काम पोरखेळ होते. ममीबाई खटला जिंकल्या की हरल्या, हे समजून घेण्यासाठीही मोहनदास तेथे थांबला नाही. दक्षिण आफ्रिकेत जाईपर्यंत त्याने पुन्हा न्यायालयात बाजू मांडली नाही.

या अपयशाची किंमत केवळ मानहानीची नव्हती. मोठ्या भावाने कर्ज काढून विलायतेला पाठविलेला मुलगा मुंबईत पोट भरू शकत नव्हता. एका शाळेत पंचाहत्तर रुपये पगाराची इंग्रजी शिक्षकाची जागा होती, तिच्यासाठी त्याने अर्ज केला. पदवीधर नसल्याने तीही मिळाली नाही. सहा महिन्यांत मुंबईतील बिऱ्हाड मोडून तो राजकोटला गेला आणि अर्ज व दावे लिहून देण्याचे काम करू लागला. लेखणी चालत होती, महिन्याला तीनशे रुपये मिळत होते. जिभेचा प्रश्न तसाच राहिला.

प्रिटोरियाची सभा

१८९३ मध्ये दादा अब्दुल्ला यांच्या पेढीने त्यांना वर्षभराच्या कामासाठी दक्षिण आफ्रिकेत बोलावले. डर्बनच्या न्यायालयात न्यायाधीशांनी पगडी उतरविण्यास सांगितले, तेव्हा गांधी वाद न घालता बाहेर पडले आणि वर्तमानपत्राला पत्र लिहिले. पुन्हा लेखणीच. जूनमध्ये प्रिटोरियाला जाताना पीटरमॅरिट्सबर्ग स्थानकावर पहिल्या वर्गाच्या डब्यातून त्यांना बाहेर काढण्यात आले. पुढे घोडागाडीच्या प्रवासात मारहाण झाली. हा प्रसंग जगप्रसिद्ध आहे आणि त्याविषयी येथे अधिक लिहिण्याची गरज नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत जे घडले त्याची चर्चा क्वचित होते.

प्रिटोरियात पोहोचल्यावर गांधींनी तेथील भारतीयांची एक सभा भरविण्याची कल्पना स्वतःच मांडली. सेठ हाजी महंमद हाजी जूसब यांच्या घरी ती झाली. श्रोत्यांत मुख्यतः मेमण व्यापारी होते, थोडे हिंदूही होते. या सभेतील भाषणाला गांधींनी आपल्या आयुष्यातील पहिले भाषण म्हटले आहे. विषय होता व्यापारातील सचोटी. सचोटी आणि व्यापार एकत्र नांदत नाहीत, हा व्यापाऱ्यांचा समज त्यांनी त्यांच्याच समोर खोडून काढला. परदेशात एका माणसाच्या वागण्यावरून साऱ्या देशबांधवांची पारख होते, हे बजावले. अस्वच्छतेबद्दल खडे बोल ऐकविले, धर्म आणि प्रांत यांचे भेद विसरण्याचे आवाहन केले. सरकारकडे गाऱ्हाणी मांडण्यासाठी एक संघटना हवी, असे सुचविले. इंग्रजी शिकू इच्छिणाऱ्यांना शिकविण्याची तयारीही दाखविली. त्यातून तीन विद्यार्थी मिळाले, एक न्हावी, एक कारकून आणि एक छोटा दुकानदार. सभेचा परिणाम चांगला झाला आणि पुढे अशा सभा नेमाने होऊ लागल्या.

व्हेंटनरमध्ये एक पान वाचता न येणारा माणूस दोन वर्षांनी कागदाशिवाय व्यापाऱ्यांना खडे बोल सुनावतो, हे कसे घडले? आत्मकथेत याचे सरळ उत्तर नाही. परंतु दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की काही फरक स्पष्ट दिसतात. लंडनच्या सभांमध्ये श्रोते परीक्षक होते, भाषा परकी होती आणि बोलणारा आपण कसे दिसतो याच काळजीत होता. प्रिटोरियात श्रोते आपल्यातले होते. विषयाची तयारी पुस्तकातून झाली नव्हती, ती प्रवासात अंगावर झाली होती. ऐकणाऱ्यांना या बोलण्याची गरज होती, आणि ते दुसरे कोणी बोलणार नव्हते. लक्ष स्वतःवरून कामाकडे गेले की कंप कमी होतो, एवढा निष्कर्ष काढण्यास हरकत नसावी.

१८९४ मध्ये भारतीयांचा मताधिकार काढून घेणारे विधेयक नाताळच्या विधिमंडळात आले. परतीच्या तयारीत असलेले गांधी तेथेच थांबले आणि २२ ऑगस्ट १८९४ रोजी नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली. अर्ज, निवेदने, सभा हा नित्यक्रम झाला.

भीती पुन्हा परतली

सभाकंप एकदा गेला म्हणजे कायमचा गेला, असे मात्र झाले नाही. १८९६ मध्ये गांधी सहा महिन्यांसाठी भारतात आले. दक्षिण आफ्रिकेतील परिस्थिती सांगण्यासाठी सर फिरोजशहा मेहता यांनी मुंबईत जाहीर सभा ठरविली. उत्स्फूर्त बोलण्याचा गांधींचा विचार होता. मुंबईत ते चालणार नाही, भाषण लिहून छापून घ्या, असे फिरोजशहांनी बजावले. एका रात्रीत भाषण छापले गेले. २६ सप्टेंबरच्या सभेत गांधी ते वाचू लागले आणि अंग पुन्हा थरथरू लागले. फिरोजशहा मोठ्याने बोला म्हणून उत्तेजन देत होते, तसतसा आवाज अधिकच खाली जात होता. स्नेही केशवराव देशपांडे मदतीला धावले, पण त्यांचाही आवाज पुरेना. श्रोत्यांनी दिनशा वाच्छा यांच्या नावाचा घोष केला. वाच्छांनी भाषण हाती घेताच सभा शांत झाली आणि शेवटपर्यंत टाळ्या पडत राहिल्या.

याच दौऱ्यात गांधी पुण्याला आले. लोकमान्य टिळक आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या भेटी झाल्या. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या आवारात गोखले भेटले. तेथे झालेला स्नेह गांधींच्या आयुष्यात निर्णायक ठरला. फिरोजशहा त्यांना हिमालयासारखे वाटले, लोकमान्य महासागरासारखे आणि गोखले मात्र कोणालाही कवेत घेणाऱ्या गंगेसारखे, ही तुलना सर्वपरिचित आहे.

पाच वर्षांनी, डिसेंबर १९०१ मध्ये, कोलकात्याच्या काँग्रेस अधिवेशनात हाच अनुभव वेगळ्या रूपात आला. दक्षिण आफ्रिकेवरील ठराव गोखल्यांच्या मदतीमुळे रात्री उशिरा विषय नियामक समितीत मंजूर झाला. खुल्या अधिवेशनात गांधींना पाच मिनिटे मिळाली. ते उभे राहिले तेव्हा मनाची अवस्था ठीक नव्हती. बोलणे सुरू असतानाच घंटा वाजली. ती वेळ संपत आल्याची पूर्वसूचना होती, हे त्यांना ठाऊक नव्हते. इतर वक्ते अर्धा अर्धा तास बोलले तरी घंटा वाजली नाही, आपल्यालाच का, या विचाराने दुखावून ते लगेच खाली बसले. ठराव अर्थातच एकमताने मंजूर झाला. तेथे सर्वच ठराव एकमताने मंजूर होत होते.

अधिवेशनानंतर गोखल्यांनी त्यांना जवळपास महिनाभर आपल्या घरी ठेवून घेतले. गोखले स्वतः वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलण्यापूर्वी आकडेवारीचा कसून अभ्यास करीत. गप्पांमध्येही देशाच्या कामाखेरीज दुसरा विषय निघत नसे. गांधींनी त्यांना राजकीय गुरू मानले. गोखल्यांची घोटीव इंग्रजी शैली मात्र त्यांनी उचलली नाही, हे विशेष.

मराठीतून बोलण्याचा आग्रह

११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात ट्रान्सवालमधील भारतीयांची सभा झाली. सुमारे तीन हजार लोक उपस्थित होते. भारतीयांवर नोंदणीची सक्ती करणारा कायदा न पाळण्याचा ठराव ईश्वरसाक्ष घ्यावा, असे एका वक्त्याने सुचविले. गांधींनी त्या वेळी सभेला थांबविले. शपथ म्हणजे काय, ती मोडण्याचा अर्थ काय, तुरुंग, दंड, उपासमार आणि कदाचित मृत्यू हे सारे त्यात कसे येते, हे त्यांनी एकेक करून सांगितले. लोकांना चेतविण्याऐवजी संकटांची यादी वाचणारे हे भाषण होते. ते संपल्यावर सर्वांनी उभे राहून शपथ घेतली. सत्याग्रहाचा आरंभ या सभेपासून मानला जातो.

ऑक्टोबर १९१२ मध्ये गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले. जोहान्सबर्गमध्ये बरेच कोकणी मुसलमान आणि काही महाराष्ट्रीय हिंदू राहत होते. गोखल्यांनी मराठीत बोलावे, अशी त्यांची इच्छा होती. गांधींनी ती गोखल्यांना कळविली आणि आपण हिंदीत अनुवाद करू, असे सांगितले. गोखले खळखळून हसले. गांधींची हिंदी त्यांना ठाऊक होती, मराठीचे ज्ञान कोठून मिळविले, अशी त्यांनी विचारणा केली. ओळखीच्या विषयावरचे बोलणे आपल्याला कळते आणि सारांश नक्की सांगता येईल, असे उत्तर गांधींनी दिले. गोखले राजी झाले. तेथून थेट झांझिबारपर्यंत अशा सभांमध्ये गोखले मराठीत बोलले आणि गांधींनी अनुवाद केला. निर्दोष इंग्रजीपेक्षा मातृभाषेत, अगदी मोडक्यातोडक्या हिंदीतही बोलणे बरे, हे मत गुरूला कितपत पटले, हे सांगता येत नसल्याचे गांधींनी लिहून ठेवले आहे. ज्याला एकेकाळी परक्या भाषेतील एक पान वाचता आले नव्हते, त्याचा हा आग्रह समजण्यासारखा आहे.

९ जानेवारी १९१५ रोजी गांधीजी मुंबईत उतरले. वर्षभर देश पाहावा, राजकीय प्रश्नांवर जाहीर मत देऊ नये, असे वचन गोखल्यांनी त्यांच्याकडून घेतले होते. बंगळूरची ती दोन छोटी भाषणे या काळातली आहेत. १९४५ मध्ये गुंडप्पा यांनी त्याच शहरात गोखल्यांच्या नावाने सार्वजनिक जीवनाच्या अभ्यासाची संस्था स्थापन केली.

वचनाची मुदत संपताच, ६ फेब्रुवारी १९१६ रोजी, बनारस हिंदू विद्यापीठाच्या समारंभात गांधीजींनी केलेल्या भाषणाने खळबळ उडाली. दागिन्यांनी मढलेल्या राजेमहाराजांना त्यांनी त्यांच्या तोंडावर त्या संपत्तीचा जाब विचारला. ॲनी बेझंट यांनी त्यांना थांबण्यास सांगितले, संस्थानिक उठून गेले आणि सभा अर्ध्यावरच संपली. या भाषणावर आजही मतभेद आहेत. यजमानांच्या मंगल प्रसंगी असे बोलणे औचित्याला धरून नव्हते, हा आक्षेप अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण बोलणाऱ्याचे हात थरथरत होते, असे कोणीही लिहिलेले नाही.

१८ मार्च १९२२ रोजी अहमदाबाद येथे राजद्रोहाच्या खटल्यात गांधीजी पुन्हा न्यायालयात उभे राहिले, या वेळी आरोपी म्हणून. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्यासमोर त्यांनी आधी काही वेळ तोंडी निवेदन केले, मग लेखी निवेदन वाचले. गुन्हा कबूल केला आणि कायद्यातील अधिकाधिक शिक्षा मागितली. न्यायालयाने सहा वर्षांची शिक्षा सुनावली. ममीबाईंच्या खटल्याला तेव्हा तीस वर्षे होत आली होती.

गांधीजींचा आवाज अखेरपर्यंत बारीक राहिला. टिळकांची गर्जना किंवा सुरेंद्रनाथ बॅनर्जींचा ओघ त्यांच्याकडे नव्हता. पुष्कळदा ते बसूनच बोलत. आपल्या भिडस्तपणाचा तोटा न होता फायदाच झाला, कारण त्यामुळे शब्द जपून वापरण्याची सवय लागली, असे त्यांनी आत्मकथेत म्हटले आहे. १९२० च्या दशकात त्यांनी सोमवारचे मौन सुरू केले. बोलता येऊ लागल्यावर माणसे सहसा थांबत नाहीत. त्यांनी आठवड्यातील एक दिवस मुद्दाम राखून ठेवला.

बोलण्याचा शारीरिक ताण मात्र त्यांनाही चुकला नाही. मार्च १९२७ च्या अखेरीस कोल्हापूर आणि निपाणीच्या दौऱ्यात अनेक सभांनंतर त्यांची प्रकृती ढासळली. रक्तदाब वाढला होता. सभा रद्द झाल्या. सावंतवाडीजवळील आंबोली येथे काही दिवस विश्रांती घेऊन ते बंगळूरजवळच्या नंदी टेकडीवर गेले. तेथे सुमारे दीड महिना आणि नंतर बंगळूरच्या कुमार पार्क परिसरात त्यांचा मुक्काम होता. ज्या आत्मकथेत लंडनच्या फजितीची प्रकरणे आहेत, ती त्या काळात नवजीवन साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध होत होती. मुक्कामात त्यांनी बंगळूरच्या दुग्धसंस्थेत जाऊन गोपालनाचे धडे घेतले आणि ३ जुलै १९२७ रोजी खादी प्रदर्शनाचे उद्घाटन केले.

सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले असताना किंग्जले हॉलमधून अमेरिकेसाठी त्यांचे भाषण प्रक्षेपित झाले. हे यंत्र त्यांना नवे होते. यातच बोलायचे काय, ही त्यांची चौकशीही श्रोत्यांना ऐकू गेली, आणि पुढचे भाषण त्यांनी कागदाविना केले.

फाळणीनंतर कुरुक्षेत्राच्या छावणीत लाखो निर्वासित होते. १२ नोव्हेंबर १९४७ हा दिवाळीचा दिवस होता. प्रत्यक्ष छावणीत जाणे शक्य नसल्याने गांधीजी त्या दिवशी दुपारी दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रात आले. राजकुमारी अमृत कौर त्यांच्यासोबत होत्या. रोजच्या प्रार्थनेच्या वेळी बसण्याची त्यांची लाकडी चौकी ध्वनिमुद्रण कक्षात आणून ठेवली होती. या यंत्राविषयी त्यांना सुरुवातीला संकोच होता. समोर श्रोते नव्हते, फक्त ध्वनिक्षेपक होता. चौकीवर बसून त्यांनी छावणीतील माणसांना दुःखी बंधुभगिनी म्हणून हाक दिली आणि ते बोलू लागले. आकाशवाणीच्या केंद्राला त्यांनी दिलेली ही एकमेव भेट. २००० सालापासून १२ नोव्हेंबर हा दिवस लोकसेवा प्रसारण दिन म्हणून पाळला जातो.